गंगावनाची बढती

गंगावन ही एके काळी घरातली उघड गोष्ट होती. आरशाशेजारच्या खिळ्याला ते टांगलेलं असे आणि आल्यागेल्यासमोर ते काढून वेणीत गुंफायला कुणा काकूंना संकोच वाटत नसे. दोन जावांत एकच गंगावन असलं, की ज्या लग्नाला धाकटी नटून जाई, त्या लग्नात थोरलीचा अंबाडा लिंबाएवढा दिसे. आता गंगावनाला बढती मिळाली आहे. ते ‘हेअर एक्स्टेन्शन’ झालं, पार्लरच्या काचेच्या कपाटात गेलं, ग्रॅमवर आणि इंचावर विकलं जाऊ लागलं. भाव वाढला, नखरे वाढले, आणि मुख्य म्हणजे ते लावलंय हे कुणाला कळू द्यायचं नाही, अशी अट आली.

माणसाचा केस महिन्याला साधारण सव्वा सेंटिमीटर वाढतो. खांद्यावरचे केस कमरेपर्यंत न्यायला अडीच-तीन वर्षं लागतात. लग्नाचा हॉल तेवढं थांबत नाही.

तसं पाहिलं तर या धंद्याला थेट देवाचा आधार आहे. तिरुपतीची कथा अशी, की गवळ्याची कुऱ्हाड लागून बालाजीच्या डोक्यावरचे थोडे केस गेले. नीलादेवी नावाच्या गंधर्वकन्येने ते पाहिलं, आपली बट कापली आणि त्या जागी बसवली. देवाने ती कृतज्ञतेने स्वीकारली. रंग जुळतो का, असं विचारल्याची नोंद नाही. भाविक तिथे केस वाहतात त्यामागे ही कथा सांगतात. देवस्थान त्या केसांचा लिलाव करतं आणि तिरुमलाच्या डोंगरावरची वेणी कुठल्या कुठे परदेशात मिरवते. 2004 साली मात्र ती न्यूयॉर्कमध्ये अडचणीत आली. कर्मठ ज्यू विवाहिता डोकं झाकायला टोप वापरतात. त्यांतले भारतीय केस मूर्तिपूजेशी जोडलेले आहेत, असा निर्णय जेरुसलेमच्या एका थोर धर्मगुरूंनी दिला आणि ब्रुकलिनच्या रस्त्यांवर महागड्या टोपांच्या होळ्या पेटल्या.

देवाला वाहिलेल्या केसांचं मोल मोठं, कारण ते एकगठ्ठा कापलेले असतात: सगळ्यांची मुळं एका बाजूला, टोकं दुसऱ्या बाजूला. केसावर कौलांसारखे बारीक खवले असतात. ते सगळे एकाच दिशेने राहिले, की त्या मालाला ‘रेमी’ म्हणतात. दुसरा माल येतो तो आपल्याच फणीतून. ‘केसांवर भांडीऽऽ’ अशी आरोळी आली, की कोनाड्यात साठवलेली गुंतवळ बाहेर निघते आणि तिच्या बदल्यात एखादी वाटी घरात येते. ही गुंतवळ कोप्पळजवळच्या भाग्यनगरसारख्या ठिकाणी जाते आणि तिथे बायका ती हाताने सोडवतात. पण त्यात कुणाचं मूळ कुणाच्या टोकाशेजारी झोपलंय, याचा पत्ता नसतो. उलटसुलट खवले एकमेकांत अडकू नयेत म्हणून ते आम्लाने काढून टाकतात आणि वर सिलिकॉनचा मुलामा देतात. दुकानात हाच माल सर्वांत जास्त चमकतो. चार-सहा वेळा धुतल्यावर मुलामा उतरतो आणि गुंतवळ पुन्हा गुंतवळ होते.

म्हणून फार तकाकीला भुलू नये. एक केस जाळून पाहावा: खरा असेल तर नख जळल्यासारखा वास येऊन राख होते, कृत्रिम असेल तर वितळून मणी बनतो. ही परीक्षा काउंटरवर करू पाहणाऱ्या गिऱ्हाइकाकडे दुकानदार कसा बघतो, ते सांगायला नको. रंग आपल्या केसांच्या टोकांशी जुळवावा, तोही दिवसाच्या उजेडात. पार्लरच्या पिवळ्या दिव्याखाली सगळ्यांचं सगळं जुळतं.

एका दिवसाच्या हौसेला क्लिपवाले बरे. रात्री काढून ठेवता येतात. टेपवाले सहा-आठ आठवड्यांनी वर सरकवून घ्यावे लागतात, केराटिनने चिकटवलेले तीन-चार महिने टिकतात. विरळ केसांना जड झुपके बांधले, तर ओढ बसून आहेत तेही मुळासकट निघून येतात. उसनं आणायला जाऊन मुद्दल गमावण्याचा हा प्रकार चांगले पार्लरवाले आधीच सांगतात.

खरी पंचाईत तेलाची. या केसांना टाळूचं तेल मिळत नाही, म्हणून ते कोरडे पडतात. खालच्या लांबीला कंडिशनर लागतोच. पण मुळाशी तेल गेलं, की टेपचा डिंक सुटतो. आणि मराठी घरात तर सर्दीपासून वैतागापर्यंत सगळ्यावर टाळूला तेल हाच इलाज. नव्या सुनेची पहिली दिवाळी, नरक चतुर्दशीची पहाट, सासूबाई कोमट तेलाची वाटी घेऊन बसलेल्या. दोन्ही तळव्यांनी रगडतात, मायेने रगडतात, आणि एकाएकी वीतभर झुपका त्यांच्या हातात येतो. किंकाळी कुणाची आधी फुटेल, हे सांगणं कठीण.

बाकी पथ्यं सोपी: विंचरताना टोकाकडून वर जायचं, ओल्या केसांनी झोपायचं नाही, रात्री सैल वेणी घालायची, कृत्रिम केसांजवळ इस्त्री न्यायची नाही.

त्याहून अवघड जातं ते हळदीकुंकू. तिथे कुणीतरी तो शेपटा हातात घेऊन विचारतंच, “अगं, तेल कुठलं लावतेस?” उत्तर तयार असतं: माका, जास्वंद, ब्राह्मी, मंद आचेवर दोन तास. पुढच्या रविवारी अख्ख्या सोसायटीच्या जिन्यात माक्याचा वास सुटलेला असतो.