कपाळाची रेघ

"आक्का, बिळूरच्या लग्नात आमच्या चुलतदिराचं पोरगं बघितलासा? डोक्याला केस लावून आलंय पुण्यास्नं."

"बघितलं की! डाळिंबाची लागण केल्यागत. ओळीत ओळ, अंतर सारखं."

"लाखावर पैसं घातलं म्हणं."

"घातलं असतील. माझी लेक मिरजेला कातडीच्या डॉक्टरकडं नर्स हाय. ती सांगती, मागच्या डोक्यातनं मुळं काढली की कुठल्यात एक केस असतोय, कुठल्यात दोन, कुठल्यात तीन. कपाळाजवळ एकेकट्या केसाचीच लावायची, झुबकं मागं. ह्याला सरसकट खुपसल्यात."

"आन् रेघ किती सरळ काढलीया!"

"देवानं कुणाच्या कपाळावर फूटपट्टी धरली गं? तुझंच बघ आरशात, एका अंगाला वर, एका अंगाला खाली. चांगला डॉक्टर मुद्दाम वाकडी आखतो, चुकार केस रेघंच्या पुढं सोडतो. कानशिलावरचं कोपरं आत ठेवतो. आन् केस लावायचा तो पुढं तिरपा."

"पोरगंच म्हणालं हुतं, कॉलेजातल्या फोटोगत खाली पायजे."

"तिथंच मेख हाय. भुवयांच्या मधनं वर सात-आठ सेंटिमीटर तरी कपाळ सोडत्यात. मागचा साठा मोजका, काढल्याल्या जागी परत उगवत न्हाई. सत्ताविसाव्या वर्षी सगळा पुढंच घालवला, मग टाळू उघडी पडली की पुढं झालर आन् मागं माळ! रेघ आखली तरी कुणी?"

"तिथल्या पोरानं. डॉक्टर म्हणं तोंड दावून गेला."

"बघ! २०२२ लाच दिल्लीच्या वैद्यक आयोगानं सांगितलंय, ह्याचं रीतसर शिक्षण घेतल्याल्या डॉक्टरनंच हे करायचं, यूट्यूब बघून न्हाई."

"आक्का... आमच्या ह्यांनी बी फोन लावलाय एका ठिकाणी."

"भावजींनी? बावन्नाव्या वर्षी?"

"मार्गशीर्षात यल्लमाच्या जत्रंला नवं केस पायजेत म्हणं."

"अगं, कार्तिक निम्मा सरला! लावल्यालं केस म्हैन्याभरात बहुतेक गळत्यात, मूळ तेवढं आत ऱ्हातंय. तीन-चार म्हैन्यांनी फुटाय लागतंय, सगळं दिसायला वरीस जातंय. जत्रंत टोपीच घालून फिरतील."

"मग ठेवीला हात लावू देत न्हाई मी."

"आन् लावलंच तर रेघ वर ठेवाय सांग. पन्नाशीच्या तोंडाला पोराचं कपाळ शोभत न्हाई."

"ते तुमीच सांगा, माझं कुठं ऐकत्यात? आन् आक्का, लेकीचा नंबर तेवढा द्या. त्या मिरजेच्या डॉक्टरकडं किती पडतंय, इचारून तर बघू."