बर्फातलं सोवळं

पहाटे सव्वापाचला मिनीआपोलिसच्या त्या घरात दोनच माणसं जागी असायची. एक आमची सहा आठवड्यांची नात आणि दुसरे आमचे जावई. नातीला भूक लागलेली असायची. जावयांना धावायचं असायचं. नातीचं मला समजत होतं.

शहाणे आईबाप अमेरिकेला मे महिन्यात जातात, नायगारा बघतात आणि पाऊस सुरू झाला की परत येतात. पण बाळंतपण काही हवामान बघून येत नाही. त्यामुळे डिंकाचे लाडू, बाळंतशेपा आणि तीन कानटोप्या घेऊन आम्ही दोघं ऐन डिसेंबरात मिनेसोटात उतरलो. विमानतळाबाहेर पहिला श्वास घेतला आणि नाकातले केस ताठ झाले. उभी हयात पाटबंधारे खात्यात काढल्यामुळे पाण्याची सगळी रूपं आपल्याला माहीत आहेत असा माझा समज होता. हे रूप खात्याच्या बाहेरचं निघालं.

अशा हवेत आमचे जावई आठवड्यातून पाच दिवस धावतात. मूळचे सांगलीचे. ज्या गावात एप्रिलमध्ये माणूस दुपारी सावलीतून सावलीत जातो, त्या गावचे. लग्न ठरवताना आम्ही शिक्षण, पगार, व्यसन सगळं विचारलं होतं. बर्फात धावता का, हे विचारायचं कोणाला सुचणार?

माझे आजोबा कार्तिक महिनाभर पहाटे नदीवर जाऊन आंघोळ करायचे आणि ओलेत्यानेच स्तोत्र म्हणत घरी यायचे. वाड्यातली इतर माणसं गोधडीत असायची आणि आजोबांना त्या सगळ्यांची कीव यायची. ती कीव चेहऱ्यावर कशी दिसते ते मी लहानपणी पाहिलेलं आहे. साठ वर्षांनी ती मला जावयांच्या चेहऱ्यावर दिसली. तेव्हाच मी ओळखलं की हा व्यायामाचा मामला नाही, व्रताचा आहे.

आणि व्रत म्हटलं की सोवळं आलंच. अंगालगत मेरिनो लोकरीचा पातळ थर, त्यावर फ्लीस, त्यावर वारा अडवणारं जाकीट. सुती कपडा निषिद्ध. सूत घाम धरून ठेवतं आणि ओला कपडा थंडीत अंगातली ऊब ओढून घेतो, असं शास्त्र आहे. ते त्यांनी मला माझ्या सुती बनियनकडे बघत समजावलं. हाताला पाच बोटांचे मोजे चालत नाहीत. अंगठा वेगळा आणि बाकीची चार बोटं एका पिशवीत, असे लागतात. "बोटं एकत्र राहिली की एकमेकांना ऊब देतात, बाबा." एकत्र कुटुंबपद्धतीवर इतकं नेमकं भाषण मी ऐकलेलं नाही, आणि ते करणाऱ्या गृहस्थांचे आईवडील सांगलीत दोघंच राहतात.

मग गालांना आणि नाकाच्या शेंड्याला व्हॅसलीन. मग बूट. या बुटांच्या तळव्यात त्यांनी स्वतः ड्रिलने पत्र्याचे बारीक स्क्रू बसवले होते, षट्कोनी डोकी बाहेर ठेवून, बर्फावर पकड यावी म्हणून. घोड्याला नाल मारतात त्यातलाच प्रकार. ते बूट दाराबाहेरच्या पायपुसण्यावरच घालायचे, असा मुलीचा दंडक होता. घरातल्या लाकडी जमिनीवर एकदा टकटक ऐकू आली, तेव्हा ती बाळाला पाजत होती. आतूनच तिने जावयांना त्यांच्या पूर्ण नावाने हाक मारली. परत टकटक ऐकू आली नाही.

सोवळं एकदा विटाळलं, ते आमच्या हिच्या हातून. मदत म्हणून हिने धुतलेले सगळे कपडे ड्रायरमध्ये टाकले, त्यात मेरिनोचा सदराही गेला. बाहेर आला तेव्हा तो ओळखू येत नव्हता. जावई काही बोलले नाहीत, जावयांनी बोलायचंही नसतं. त्यांनी तो सदरा दोन बोटांत धरून उजेडात बघितला, घडी घातली आणि म्हणाले, "असू दे आई. हिला पुढच्या वर्षी होईल." नातीच्या कपाटात तो अजून आहे.

या मंडळींना थंडीबद्दल विचारू नये. "आज तसं गार नव्हतं" एवढंच उत्तर येतं, भुवयांना बर्फ लटकत असला तरी. आकड्यांबद्दल मात्र जरूर विचारावं. तिथे दोन आकडे असतात. एक तापमान आणि दुसरा विंडचिल. नोकरदाराला समजेल असं सांगायचं तर तापमान म्हणजे मूळ पगार आणि विंडचिल म्हणजे महागाई भत्ता धरून. मूळ उणे २० असेल आणि ताशी ३० किलोमीटर वारा सुटला असेल, तर भत्त्यासकट ते उणे ३३ भरतं. जावई मूळ पगार कोणालाच सांगत नाहीत. शिवाय अमेरिकन मित्रांशी फॅरनहाइटमध्ये बोलायचं आणि सांगलीच्या ग्रुपवर सेल्सिअसमध्ये, हा विनिमय वेगळा. उणे ४० ला दोन्ही मापं एक होतात. तिथे द्वैत संपतं. जानेवारी २०१९ च्या शेवटी एका सकाळी मिनीआपोलिसचा पारा उणे ३३ सेल्सिअसला गेला आणि विंडचिल त्या चाळिसाच्याही पलीकडे. टपालखात्याने मिनेसोटात बटवडा बंद ठेवला होता. जावई त्या दिवशी तीन किलोमीटर धावून आले. पानिपताहून परतलेल्या माणसाने सांगावं तसं ते आजही सांगतात, आणि दरवेळी बोलता बोलता गालाला हात लावून बघतात.

विंडचिलचा इतिहासही त्यांना पाठ आहे. अंटार्क्टिकात दोन शास्त्रज्ञांनी प्लॅस्टिकच्या नळकांड्यात पाणी भरून वाऱ्यात टांगलं, ते गोठायला किती वेळ लागतो ते मोजलं आणि १९४५ साली निष्कर्ष छापले. पुढे कोणाच्या तरी लक्षात आलं की माणूस म्हणजे नळकांडं नव्हे. मग २००१ साली टोरंटोत स्वयंसेवकांना उघड्या तोंडाने गार वाऱ्याच्या बोगद्यात ट्रेडमिलवर चालवलं आणि नवं सूत्र बसवलं. ट्रेडमिलचा आदराने केलेला उल्लेख मी जावयांच्या तोंडून ऐकला तो एवढाच.

कारण ट्रेडमिल म्हणजे त्यांच्या लेखी पाप. मी आपला व्यवहाराचा मुद्दा काढला होता. तळघरात चांगलं यंत्र पडलंय, त्यावर वाळत घातलेले टॉवेल काढले तर घरातच धावता येईल. ते म्हणाले, "बाबा, ते यंत्र १८१८ साली इंग्लंडात विल्यम क्युबिट नावाच्या इंजिनिअरने काढलं. कैद्यांना शिक्षा म्हणून." हे खरं आहे, मी नंतर तपासलं. पण तुरुंगातल्या कैद्याला उणे वीसमध्ये बाहेर काढलं असतं तर त्यानेही यंत्रच मागितलं असतं, असं माझं मत आहे.

गंमत म्हणजे हे शहर अतिशय समजूतदार आहे. थंडीत माणसाला बाहेर पडायला लागू नये म्हणून १९६२ पासून त्यांनी मध्यवस्तीतल्या इमारती दुसऱ्या मजल्यावरून काचेच्या बंद पुलांनी जोडत नेल्या. आज मैलोन् मैल, कोट न घालता, कचेरीतून बँकेत आणि बँकेतून जेवायला जाता येतं. एवढा खर्च करून शहराने माणसाला आत घेतलं आणि आमचे जावई खाली रस्त्यावर.

त्यांची नेहमीची वाट बडे माका स्का या तळ्याभोवती. नाव डकोटा लोकांचं, जुनं आणि सुंदर. एक फेरी पाच किलोमीटरची. हिवाळ्यात तळं असं गोठतं की लोक त्यावर खोपटी थाटून, बर्फाला भोक पाडून मासे धरत बसतात. जावई त्या लोकांना वेडे म्हणतात. हिवाळ्यात धावायचं तर जाताना वारा तोंडावर घ्यायचा आणि येताना पाठीवर, म्हणजे घामेजलेलं अंग परतीला गारठत नाही, असा त्यांचा नियम. मी विचारलं, "पण तळं गोल आहे ना?" ते बराच वेळ गप्प राहिले. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी ग्रीनवे धरला. जुन्या रेल्वेच्या चरातून जाणारा सरळ पूर्व-पश्चिम रस्ता. पाटबंधारे खात्याच्या अनुभवाचा अमेरिकेला झालेला हा एकमेव उपयोग.

मी एकदाच त्यांना सोडायला कोपऱ्यापर्यंत गेलो. काळोख, वाफाळणारे दिवे आणि पायाखाली करकर. बर्फ फार गार पडला की नव्या कोल्हापुरी चपलेसारखा वाजतो. समोरून त्याच जातीचं एक माणूस धावत आलं. बाई की बुवा ते कळायला मार्ग नव्हता. फक्त डोळे दिसत होते आणि पापण्यांवर पांढरं. दोघांनी एकमेकांना मान हलवली, आळंदीच्या वाटेवर हलवतात तशी. मी विचारलं, "कोण?" जावई म्हणाले, "माहीत नाही. चार वर्षं भेटतोय."

खाण्याची सोय मात्र आमच्यामुळे झाली. धावताना खायच्या त्या पाकिटातल्या जेल या हवेत घट्ट होऊन बसतात. एके दिवशी मुलीच्या डब्यातले डिंकाचे लाडू कमी भरले. चौकशी केली तेव्हा कळलं की ते जाकिटाच्या आतल्या खिशात, फोनशेजारी, छातीच्या उबेला बसून तळ्याला प्रदक्षिणा घालून येत होते. "गोठत नाहीत, आणि दोन खाल्ले की आठ मैल काही लागत नाही." बाळंतिणीचं खाणं जावयाने खाल्लं यावर हिचा संताप होता, पण त्यात तुपाची तारीफ मिसळलेली असल्यामुळे तो फार टिकला नाही. पुढचा घाणा दुप्पट झाला.

फोन छातीशी ठेवायचं खरं कारण लाडू नव्हे. थंडीत बॅटरी मरते, आणि फोन मेला की फोटो नाही. परत आल्यावर आत यायच्या आधी मिशीतल्या बर्फाचा फोटो व्हावा लागतो, आत दोन मिनिटांत तो वितळतो. रोज सव्वासहाला मुलगी एका खांद्यावर बाळ टाकून काचेआडून तो काढायची. फोटो सांगलीला पोचला की उत्तरं यायची. आत्या: कानाला बांध. दुसरी आत्या: हळद-दूध घे. काका: रस्ते काय स्वच्छ आहेत रे.

रस्ते स्वच्छ होते कारण ते मी करत होतो. मिनीआपोलिसचा नियम आहे, बर्फ थांबल्यापासून २४ तासांत घरासमोरचा पदपथ घरमालकाने साफ करायचा. जावयांना फावडं मारलं की पाठ धरते. दहा मैल धावून धरत नाही, हे मी नोंदवून ठेवलं. त्यामुळे पुण्याची माकडटोपी घालून मी बर्फ उपसायचो आणि हे गृहस्थ शेजारून पळत जाताना ओरडायचे, "बाबा, कमरेतून नको, गुडघ्यातून वाका!"

धावताना ते कधी पडले नाहीत. पडले ते फेब्रुवारीत, कचऱ्याची पिशवी टाकायला जाताना, मागच्या दाराच्या तीन पायऱ्यांवर, घरातल्या रबरी सपाता घालून. मी खिडकीतून पाहिलं. पिशवी सोडली नाही, हे सांगायला हवं. आठ दिवस गरम पाण्याची पिशवी पाठीशी घेऊन ते कोचावर होते आणि त्या आठ दिवसांत त्यांनी मला एक वैद्यकीय किस्सा सांगितला, तोही हिच्यासमोर. १९७७ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एका डॉक्टरने पत्र लिहिलं होतं. थंडीत अर्धा तास धावल्याने पुरुषाचा कोणता अवयव गारठू शकतो, याबद्दल. त्या पत्रिकेने अवयवाचं नाव छापलं आहे, मी छापणार नाही. ही उठून कुकर बघायला गेली. कुकर लावलेला नव्हता.

यंदा डिसेंबरात ते सगळे पुण्याला आले. नात आता वर्षाची, चालते. मी ठरवूनच टाकलं होतं, रविवारी पहाटे जावयांना घेऊन सिंहगड. उणे तेहतीसच्या माणसाला काय ते. पारा बारावर होता. साडेपाचला मी दार वाजवलं. आतून आवाज आला नाही, म्हणून दार लोटलं. जावई दोन रग, एक सोलापुरी चादर आणि माझी शाल यांच्या तळाशी होते. डोक्याला माझीच माकडटोपी.

"बाबा, घरात फार गार आहे हो," ते म्हणाले. "तिकडे आत एकवीस असतं. ही फरशी... पाय ठेववत नाही." मग जरा थांबून, "गीझर लावलाय का?"

मी एकटाच गेलो. वर पोचल्यावर पिठलं-भाकरीचं ताट मांडीवर घेऊन फोटो काढला आणि पाठवला. दोन मिनिटांत उत्तर आलं, पांघरुणातूनच असणार.

"बाबा, शर्ट कॉटनचा दिसतोय."