जागरणाची कॉफी, झोपेचं जायफळ

मराठी घरात चहा घरचा, कॉफी पाहुण्यांची. व्याही यायचे असले की मागच्या दिवाळीपासून दगड झालेली बाटली फडताळातून खाली उतरते. चमच्याच्या दांड्याने खरवडून निघेल तेवढी पूड, पाण्याचा थेंब नसलेलं दूध, हात सैल सोडून साखर. वरून किसलेलं जायफळ.

आता कॉफी झोप उडवते आणि जायफळ झोप आणतं, हे आजीला पक्कं ठाऊक. तरी दोन्ही एकाच पातेल्यात उकळतात. पिणारा ना धड जागा, ना धड झोपलेला. देण्याघेण्याची बोलणी करायला याहून चांगली अवस्था नाही.

दक्षिणेत बाबा बुदान यांनी मोखाहून ७ बिया लपवून आणल्याची कथा भक्तिभावाने सांगतात. तिकडच्या डब्यातही चिकोरी असतेच. नियमाने मिश्रणात किमान ५१ टक्के कॉफी असली की झालं, म्हणजे काठावर पास! नाकं मुरडायची ती मात्र आमच्या जायफळाला.

२०१२ साली मुंबईत हॉर्निमन सर्कलला स्टारबक्सचं देशातलं पहिलं दुकान उघडलं. नातू अशा ठिकाणी कपावर नाव लिहून घेतो. एकादशीला मात्र घरीच पितो, साबुदाण्याच्या खिचडीबरोबर. कॉफी उपासाला चालते. कुठल्या शास्त्राने, ते आजीला विचारायची कुणाची टाप नाही.