नुसती चालूच तर आहे!

आमच्या गल्लीत थंडीच्या दिवसांत कोंबडा आरवत नाही, अण्णांची गाडी आरवते. पावणेसातला अण्णा माकडटोपी घालून खाली येतात, रस्त्याच्या कडेला लावलेल्या गाडीला किल्ली मारतात आणि तिला तशीच घरघरत ठेवून चहाला वर जातात. चहा, पेपर, स्तोत्र उरकेपर्यंत गाडी 'तापते'. वरच्या मजल्यावर आम्हीही तापतो, पण ते पुण्यात धरत नाहीत.

परवा धीर केला. म्हटलं, "अण्णा, हा गुन्हा आहे. मोटार वाहन कायदा, १९८८, कलम १२६. रस्त्यावर गाडी उभी करायची तर चालकाच्या सीटवर लायसन्सवाला माणूस हवा. नाहीतर इंजिन बंद करून ब्रेक ओढलेला हवा."

"दंड किती?"

"पाचशे. दुसऱ्यांदा सापडलात तर दीड हजार."

"इंजिनकामाला त्याहून जास्त लागतात."

अण्णा शिकले प्रीमियर पद्मिनीवर. चोक ओढायचा, गाडीची मनधरणी करायची, मगच ती हलायची. आताच्या इंजिनात किती पेट्रोल सोडायचं ते संगणक ठरवतो आणि हळू चालवत नेली की गाडी वाटेतच तापते, हे सांगून पाहिलं. संगणकावर अण्णांचा विश्वास नाही. बँकेचं पासबुकही ते पेन्सिलीने तपासतात.

मग मी अमेरिका काढली. मिशिगन राज्यात २०१७ साली एकाला स्वतःच्या घराच्या वाटेवर गाडी तापत ठेवली म्हणून १२८ डॉलरची पावती आली. बोभाटा झाला आणि त्याच वर्षी राज्याने खासगी जागेपुरता कायदा बदलला.

"बदलला ना?" अण्णा खूश. "मग मी काय वेगळं सांगतोय?"

तरी कलम लागू पडलं म्हणायचं. दुसऱ्या दिवशी सीटवर नातू. इयत्ता पहिली, हॉर्नवर दोन्ही हात. मी खिडकीतून ओरडलो, "लायसन्स!"

तिसऱ्या दिवशी काकू. मांडीवर परात, परातीत मटार. काकूंचं लायसन्स अगदी चालू मुदतीतलं. तीस वर्षं दर खेपेला नेमाने नूतनीकरण केलेलं, पण अण्णांनी स्टिअरिंग कधी हाती दिलं नव्हतं. दहा मिनिटांनी मटार सोलून झाले.

अण्णा चहा संपवून गॅलरीत आले, तेव्हा रस्त्याच्या कडेला हिरव्या सालांची परात तेवढी होती.