धार बारीक करा!

शिर्डीतल्या लॉजमध्ये मॅनेजर बदलतात, भिंतींचा रंग बदलतो, पाटीवर ‘डिलक्स’ चढतं. गरम पाण्याचे मामा मात्र तेच राहतात. मामा हे नाव नव्हे, हुद्दा आहे. तुळजापूरला, अक्कलकोटला, त्र्यंबकेश्वरलाही ते भेटतात. कानाला मफलर, खिशाला टेस्टर, हातात पाइप पाना. लाइट, नळ, अडकलेली लिफ्ट ही कामं ते करतात, पण नाइलाजानं. त्यांचं मन गच्चीवर असतं, सोलरच्या टाकीपाशी.

या धंद्याची अडचण मुळात खगोलशास्त्रीय आहे. सूर्य पाणी तापवतो दुपारी आणि भाविकांना ते हवं असतं काकड आरतीच्या आधी, काळोखात. म्हणजे काल दुपारी तापलेलं पाणी रात्रभर राखून आज पहाटे दोन-अडीच तासांत सबंध लॉजला पुरवायचं. कमी पडलं तर जोडीला बॉयलर असतोच, पण त्याचं बिल आलं की शेठचा चेहरा पाहवत नाही.

त्यात पाणी वरून खाली येतं, म्हणून न्याय खालून वर करावा लागतो. टाकी आणि नळ यांच्यात दहा मीटर उंचीचा फरक असेल तर साधारण एक किलो प्रेशर मिळतं. तिसरा मजला टाकीच्या जेमतेम तीन मीटर खाली, म्हणून तिथं पाणी कढत पण धार करंगळीएवढी. तळमजल्यावर धो धो, पण आधी पाइपातलं बादलीभर गार पाणी सोडून द्यायचं. मामांनी यावर तोडगा काढलाय. तळमजल्याच्या लाइनवरचा गेट व्हॉल्व्ह पूर्ण बंद करून सव्वादोन फेरे उघडायचा, पहिल्या मजल्याचा तीन, तिसऱ्याचा सताड. खुणेला लाल ऑइलपेंटचा ठिपका. आणि कुणी हात लावू नये म्हणून व्हॉल्व्हची हँडलंच काढून खिशात. मामांच्या खिशात किल्ल्या कमी आणि हँडलं जास्त असतात.

गिऱ्हाइकांशी त्यांचं संभाषण तीन शब्दांचं: ‘‘धार बारीक करा.’’ शेठनी मागच्या बाजूच्या दोन खोल्यांत तीन किलोवॉटचे इन्स्टंट गिझर बसवले. तिथला पाहुणा नळ पूर्ण सोडतो आणि ‘‘गार पाणी येतंय!’’ म्हणून रिसेप्शन डोक्यावर घेतो. मामा येतात, नळ निम्म्याच्याही खाली आणतात, हात धरून बघतात, ‘‘या आता, साहेब.’’ पाणी कढत! साहेबांना हा चमत्कार वाटतो. शिर्डीत तसं वाटायला सोपंही जातं. प्रत्यक्षात तीन किलोवॉटच्या गिझरला मिनिटाला सहा लिटर पाणी दिलं तर ते जेमतेम सात अंशांनी तापतं, दोन लिटर दिलं तर एकवीस. मग वीस लिटरची बादली भरायला दहा मिनिटं लागतात, हे मामा सांगत नाहीत. बक्षिसी घेतात आणि जातात.

शेठ आणि मामा यांचं कायमचं भांडण थर्मोस्टॅटवरून. बॉयलर ६० अंशांवर लावलेला असतो. शेठचं म्हणणं, अंघोळीला चाळीसच लागतं, मग साठ कशाला? पन्नासवर आणा, वीज वाचेल. हिशेब मात्र मामांच्या बाजूचा आहे. नळाचं पाणी २० अंश धरलं तर ६० अंशांच्या हजार लिटरमध्ये हजार लिटर गार मिसळून ४० अंशांचं दोन हजार लिटर होतं: शंभर बादल्या. तीच टाकी पन्नासवर आणली की पंच्याहत्तरच. उरलेले पंचवीस भाविक टॉवेल गुंडाळून काउंटरवर, आणि तिथं मामा नसतात, शेठ असतात. अर्थात मामा हा हिशेब मांडत नाहीत. ते म्हणतात, ‘‘कोमट पाण्यात जीव नसतो, शेठ.’’

जीवशास्त्र नेमकं उलटं सांगतं. १९७६ साली फिलाडेल्फियाच्या एका हॉटेलात माजी सैनिकांचा मेळावा भरला आणि पाहुणे न्यूमोनियानं पटापट आजारी पडले. पुढं सापडलेल्या त्या जंतूला लेजिओनेला नाव मिळालं. त्याला कोमट पाणी फार मानवतं. साठवणीचं पाणी साठावर ठेवायचं, ते त्यासाठीच. मामांचं उत्तर बरोबर आहे, कारण चुकीचं. परीक्षेत असे लोक पास होतात. फक्त ६० अंशांचं पाणी पाचेक सेकंदांत कातडी भाजतं, पोरांची आणि म्हाताऱ्यांची त्याहूनही लवकर. त्यावर उपाय म्हणून शेठनी आणलेला मिक्सिंग व्हॉल्व्ह बोअरच्या क्षारानं वर्षभरात जाम झाला. आता प्रत्येक बाथरूममध्ये मामांच्या अक्षरात पाटी आहे: ‘आधी गार, मग गरम.’

त्यांची खरी कसोटी लागते ती सगळ्या मजल्यांचं पाणी एकदम कोमट होतं तेव्हा. बॉयलर चालू, टाकी कढत, नळ मात्र थंड. मामा बॉयलरकडे बघतही नाहीत. खोल्याखोल्यांतून हिंडत मिक्सरला येणाऱ्या गरम पाइपावर वैद्यानं नाडी बघावी तशी बोटं ठेवतात. एका खोलीत तो पाइप गारठलेला लागतो. कुणीतरी हँडशॉवरचं तोंड बंद केलेलं असतं आणि मिक्सरचे दोन्ही नळ उघडे. गार लाइनवर पंपाचं प्रेशर, गरम लाइनवर फक्त टाकीची उंची. गार पाणी मिक्सरमधून गरम लाइनीत घुसतं आणि सगळी लाइन बाटवतं. सर्टिफिकेटवाल्या इंजिनिअरचा यात दिवस गेला असता.

एका बाबतीत मात्र मामांचं कौतुक आवरतं घ्यावं लागतं. गिझरचा सेफ्टी व्हॉल्व्ह थेंब थेंब गळला की त्याला डमी ठोकून मोकळं व्हायचं, ही या जमातीची खोड. वीसचं पाणी साठावर गेलं की दीड टक्का फुगतं. दोनशे लिटरच्या टाकीत तीन लिटर. उलट जायला वाट नसली की ते तिथूनच बाहेर पडणार. ती वाट बुजवली आणि एखाद्या दिवशी थर्मोस्टॅटही चिकटून बसला, तर टाकी फुटते. तिथं अनुभव कामाला येत नाही.

एकदा मामा भाचीच्या लग्नाला गावी गेले. शेठनी पान्यानं सगळे व्हॉल्व्ह सताड उघडले: ‘‘होऊ दे भरपूर.’’ साडेचारला टाकी रिकामी, लाइनीत हवा, जिन्यावर टॉवेलांची रांग. मांडवातून मामांनी फोनवर सांगितलं, ‘‘पंपाच्या लाइनीची नळी तळमजल्याच्या गरम नळाला लावा, पाणी उलटं वर ढकला, हवा निघंल. मग तळमजला बंद करून सव्वादोन फेरे.’’ अर्ध्या तासानं लाइन सुरू झाली. ‘‘आता पाना लपवून ठेवा,’’ मामा म्हणाले. शेठ म्हणाले, ‘‘ठेवतो काउंटरच्या ड्रॉवरमध्ये.’’

‘‘तिथं नको शेठ, तिथं तुम्ही असता.’’