बेट दूर असलं की स्वस्त

दक्षिण कोरियाच्या जेजू बेटावर थेट विमानाने पोहोचणाऱ्या बहुतेक देशांच्या नागरिकांना व्हिसा लागत नाही, म्हणून काटकसरी प्रवासी खूश. पण भारतातून थेट विमानच नाही! व्हिसाचे पैसे वाचवायला वाटेत विमानं बदलत जायचं, आणि याला आपण स्वस्त म्हणायचं. बेट तर आपल्याकडेही आहे: गोंदिया जिल्ह्यात नवेगावबांधच्या तलावात मालडोंगरी नावाचं. कोलू पाटील कोहळी यांनी बांधलेला हा तलाव ‘सातबहिणी’ टेकड्यांच्या कुशीत आहे आणि गोंदिया-बल्लारशा रेल्वेमार्ग तिथून जवळच आहे. कोणी म्हणेल, जेजूत १,९४७ मीटरचा हल्लासान ज्वालामुखी आहे, समुद्र आहे, २००७ पासून जागतिक वारशाचा शिक्का आहे. मान्य; मालडोंगरीला लाव्हा नाही, हा दोष कोलू पाटलांच्या माथी मारता येत नाही. इथल्या सोयींची तक्रारही खरीच. मात्र जेजूत पायी भटकणं, डब्यातला भात खाणं याला ‘अनुभव’ म्हणणारा माणूस इथे पायी चालावं लागलं की पर्यटन खात्याच्या नावाने बोटं मोडतो. त्याचा हिशेब पैशांचा नसतोच. निसर्गलेखक मारुती चितमपल्लींनी ‘नवेगावबांधचे दिवस’ हे पुस्तक लिहिलं तरी शेजाऱ्यांना दाखवायला फोटो कोरियाचाच लागतो, आणि त्यासाठीचा हप्ता मात्र गोंदियाच्याच बँकेत भरायचा असतो.