कशेडी घाटातली पँट

कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावायला लागली ती १९९८ साली. त्याआधी मुंबईहून राजापूरला जायचं म्हणजे लाल एसटी, सतरा नंबरचा महामार्ग आणि ‘पोटातलं पोटातच राहू दे’ ही गणपतीला प्रार्थना. माझा अर्ज गणपतीने कधी मंजूर केला नाही. पनवेल सुटायच्या आत मला गाडी लागायची.

घरात उपायांना तोटा नव्हता. आलेपाक, आवळासुपारी, नाकाशी लिंबू आणि बनियनच्या आत पोटाला वर्तमानपत्र. त्या मे महिन्यात, तिसरी पास झालेला मी असाच छापील मजकुरात गुंडाळून आजीशेजारी बसलो होतो. जरा हललो की करकर वाजायचो. बातम्यांनी पोटाला आराम पडत नाही हे मला तेव्हाच कळलं. संपादकांना अजून कळलेलं नाही.

आजीचं प्रवासशास्त्र एका कलमाचं होतं: परका माणूस म्हणजे चोर, आणि त्याने दिलेली गोळी म्हणजे गुंगीचं औषध. मिशी असली तर पुराव्याचीही गरज नाही. आमच्या बाकावर खिडकीशी बसलेल्या इसमाला भरघोस मिशी होती. अंगात पांढरीशुभ्र टेरिलीनची पँट, इस्त्रीची धार अशी की भाजी चिरावी. आजीने पिशवी छातीशी धरली आणि मला मध्ये सरकवलं.

वडखळ, नागोठणे, माणगाव मी दात आवळून काढले. महाडला आजीने ‘पित्त बसतं’ म्हणून कोकम सरबत पाजलं. पोलादपूर गेलं, कशेडी घाट लागला. ड्रायव्हरने गाडी डावीकडे वळवली की सरबत उजवीकडे जायचं. पुढच्या एका वळणावर सरबताने माझी संगत सोडली. खिडकीच्या वाटेत ती पँट होती.

मोठ्या माणसाचे कपडे खराब केले की पाठीत धपाटा, हा सृष्टीचा नियम. मी पाठ वाकवून तयार राहिलो. इसमाने पँटकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

‘अजून आहे का रे? असेल तर येऊन जाऊ दे. आता हिचं काय राहिलंय!’

आणि मला उचलून त्याने खिडकीत बसवलं. ‘जवळची झाडं बघू नकोस. तो लांबचा डोंगर आहे ना, त्याच्यावर नजर ठेव.’ डोंगर काही पळत नव्हता. पोटही हळूहळू जागेवर आलं.

खेडच्या स्टँडवर तो नळाकडे गेला आणि कमरेला पंचा, खांद्यावर पिळलेली पँट अशा थाटात परतला. पँट खिडकीबाहेर वाळत पडली. एक पाय त्याने धरला, दुसरा माझ्या हाती दिला. ‘सोडू नकोस हां, चिपळुणात मुलगी बघायला चाललोय.’ एवढी जोखीम घरच्यांनी माझ्यावर कधी टाकली नव्हती. दूध आणायला पाठवतानासुद्धा दहादा बजावायचे. दोन्ही मुठींत मी तो पाय आवळला. वारा भरून तो फुगला आणि आडवा झाला. मागच्या ट्रकवाल्याला तो ड्रायव्हरचा हात वाटला असावा, कारण त्याने ओव्हरटेक केलंच नाही. ‘हे बाहेरचं लगेज कुणाचं?’ असं कंडक्टर विचारून गेला.

आजी तोवर गप्प होती. लोटे गेल्यावर तिने तोंड उघडलं. ‘गाव कुठलं म्हणालात? नोकरी?’ परशुराम घाट उतरेपर्यंत माझ्या धाकट्या आत्याचं वय, शिक्षण आणि ‘निमगोरा’ रंग सांगून झाला होता. सकाळचा चोर दुपारी जावई! तो हसला आणि अर्धवट ओल्या पँटमध्ये चिपळूणला उतरला. मुलीकडच्यांना त्याने काय सांगितलं असेल देव जाणे.

परक्या माणसांविषयी माझं मत त्या दिवशी फिरलं ते फिरलंच. पुढे गाड्यांतून, बोटींतून अनोळखी लोकांनी दिलेलं बरंच काही खाल्लं. गुंगी आली ती फक्त त्यांच्या गप्पांनी. एकदा चपला गेल्या, पण त्या चोराला मिशी नव्हती.

आता कशेडीला बोगदा झालाय. बाकीचं कोकण मात्र वळणाचंच आहे आणि मे महिन्यात पोरं अजून हिरवीपिवळी होतात. शेजारी असं एखादं आलं तर आधी खिडकी देऊन टाका. आणि मुलगी बघायला निघाला असाल, तर पँट गडद रंगाची घाला.